सभागृहात काय विचारलं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात आमदारांच्या शिक्षणातल्या कामगिरीला आपण अख्खं पान दिलंत. आमदार निधीतून बांधलेल्या वर्गखोल्या, डिजिटल फळे, जुन्या पेन्शनची आंदोलनं, शाळांना टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानाचा पाठपुरावा, सगळं आलं. शिक्षकांना त्यांच्या हक्काचं मिळावं असं मलाही वाटतं. पण आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या २५ टक्के मोफत प्रवेशांबद्दल त्या पानावर एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत जी खासगी विनाअनुदानित शाळा असेल, तिच्यावर या जागा देण्याची सक्तीच उरली नाही. पुणे शहरात अशी सक्ती कायम राहील अशा खासगी शाळा किती उरणार होत्या?

मुलीचा फॉर्म भरायला मी ई-सेवा केंद्रात बसले होते. नकाशावरचा लाल फुगा आमच्या चाळीवर आणून ठेवला, शाळांची यादी उघडली, तर त्यात महापालिकेच्या आणि अनुदानित शाळाच. ज्या शाळेची घंटा आमच्या घरात ऐकू येते, तिचं नाव नाही. केंद्रातला मुलगा म्हणाला, "ताई, सकाळपासून सगळ्यांचं असंच येतंय." मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घातले ते कशाला? महापालिकेच्या शाळेत नाव घालायला दाखला लागतो का?

आमच्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, हे ऑनलाइन असतं, आपल्या हातात काही नाही. शाळेच्या नावाने साहेबांचं पत्र देतो." त्या पत्राचं मी काय करणार होते? शाळेला सरकारनेच मोकळं सोडलं होतं. साहेबांनी सभागृहात उभं राहून विचारावं, एवढंच माझं मागणं होतं. राज्याने केलेला नियम विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, हे आरटीई कायद्याच्या कलम ३८ मध्येच लिहिलं आहे. त्याच फेब्रुवारीच्या अखेरीला अंतरिम अर्थसंकल्पाचं अधिवेशन होतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, सभागृहात सरकारला जाब विचारायची ही सगळी साधनं आमदारांच्याच हातात असतात. ती कोणी वापरली आणि कोणी नाही, हे आपल्या वार्ताहराने शोधायला हवं होतं. वर्गखोलीच्या उद्घाटनाचा फोटो कोणीही पाठवतो.

शेवटी पालक आणि संस्थाच उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात नव्या नियमाला स्थगिती आली, पुन्हा नव्याने अर्ज भरले, १९ जुलैला बदल रद्द झाला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घालायला नकार दिला. जूनमध्ये शेजारची मुलं नवी दप्तरं घेऊन निघाली तेव्हा माझी मुलगी कठड्यापाशी उभी राहून "माझी शाळा कधी?" विचारत होती. ती वर्गात बसली तोवर बाकीचे बेरजेपर्यंत पोचले होते. पहिल्याच आठवड्यात बाईंनी डायरीत शेरा दिला, 'अभ्यासात मागे आहे, घरी लक्ष द्यावे.' इतके दिवस तिला घरी बसवलं सरकारने आणि शेरा तिच्या डायरीत! मला अजून तो राग आहे.

आपल्या पानावर सर्वांत मोठी जागा शिक्षक मतदारसंघाला आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या. आपल्या पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. पण तिथे मत देता येतं ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. माझी मावसबहीण मुळशीत झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. ती शिक्षिका आहे, पण शिक्षकांच्या आमदाराची मतदार नाही. आमच्यासारख्या पालकांचा तर तिथे प्रश्नच येत नाही. आरटीईचा प्रवेश बहुतेक पोरांना पहिलीत किंवा त्याच्याही आधी घ्यावा लागतो. म्हणजे त्यांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी विधानसभेतल्या आमदारांवरच जास्त येते, आणि त्यांचं काम आपण फळे आणि खोल्या मोजून ठरवता.

आणखी एक. प्रवेशाच्या मुदतीची बातमी आपण आतल्या पानावर, तीही मुदत संपत आल्यावर देता. दाखला दोन दिवसांत हातात पडत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. पुढच्या वेळी अर्ज सुरू होतील त्या दिवशीच लागणाऱ्या कागदपत्रांसकट पहिल्या पानावर द्या. आणि येत्या अधिवेशनानंतर पुण्यातल्या प्रत्येक आमदाराने शिक्षणावर कोणता प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, ते नावानिशी छापा. ज्यांनी एकही विचारला नसेल त्यांचीही नावं येऊ देत.

आपली,
एक पालक, वडगाव बुद्रुक, पुणे