त्या रात्री फोनवर असलेल्या सरांना

आदरणीय सर,

तुमच्यासाठी तो रात्री उशिरा आलेल्या अनेक फोनांपैकी एक असेल. आमच्या वर्कशॉपमध्ये मात्र त्याची आठवण अजून निघते. आभार तेव्हाच मानायला हवे होते, राहून गेलं.

आमच्या गाडीवरचा रडार संच स्टँडबायवर तासन्‌तास नीट चालायचा आणि अँटेनाची मोटर सुरू केली की बंद पडायचा. संचाची स्वतःची चाचणी दर वेळी पॉवर सप्लायच्या कार्डावर ठपका ठेवायची. ते आम्ही दोनदा बदललं. दोन दिवस गेले, आणि दुसरं कार्ड बसवणाऱ्या आमच्या सर्वांत तरुण तंत्रज्ञाकडेच सगळे संशयाने बघू लागले.

तुम्ही आधी बजावलंत, "ठिकाण, फ्रिक्वेन्सी, तुकडीचं नाव, काही सांगू नका. मला फक्त व्होल्ट आणि अँपिअर हवेत." आणि मग, "तुम्हाला काय वाटतं ते नको, काय दिसलं ते सांगा."

वीजपुरवठ्याच्या वाटेवरचे सगळे जोड तपासलेत, मीटर त्यांचा रोध शून्याच्या जवळ दाखवतो, असं आम्ही ठासून सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "संच बंद असताना?"

तिथेच आमची चूक होती. मल्टिमीटर रोध मोजताना अगदी नाममात्र करंट सोडतो, 0.1 ओहम तर त्याच्या वायरींच्या रोधातच हरवून जातो. पण मोटर 40 अँपिअर ओढू लागली की तोच 0.1 ओहम 4 व्होल्ट खातो. पुरवठ्याच्या 28 व्होल्टचे 24 उरतात, संच स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि व्होल्टेज कमी पडल्याची तक्रार करणारं बिचारं कार्ड दोषी ठरतं.

मग तुम्ही लोडवर, म्हणजे मोटर करंट ओढत असताना, व्होल्टेज मोजायला लावलंत, तेही जोडांच्या साखळीच्या मधोमध सुरुवात करून. दर वेळी निम्मे जोड बाद होतात, म्हणून आठ जोडांत तीन मोजमापं पुरतात, हे प्रशिक्षणात शिकलो होतो, पण दोन रात्री जागलेल्या डोक्याला सुचलं नव्हतं. तिसऱ्या मोजमापाला चॅसीवरच्या अर्थिंगच्या पट्टीपाशी 3.8 व्होल्ट सापडले. देखभालीत कुणीतरी मन लावून चॅसी रंगवली होती, आणि पट्टी त्या रंगावरच आवळली गेली होती. रंग खरवडून धातू उघडा केला, बोल्ट आवळला, मोटर फिरली.

जागा तुम्हाला बहुधा आधीच कळली होती. तरी उत्तर न सांगता तुम्ही त्या मुलाच्या हाती फोन द्यायला लावलात, मीटरचे प्रोबही त्यालाच धरायला लावलेत. आकडा त्यानेच वाचला. सर, त्या क्षणी त्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. बिघाड सापडल्याबद्दल तर आभार आहेतच, पण खरे आभार याचे.

फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, काढलेल्या दोन्ही कार्डांना चिठ्ठी लावा, नाहीतर पुढे कुणीतरी त्यांत नसलेला दोष शोधत बसेल. चिठ्ठ्या त्याच रात्री लावल्या, सर. लॉगबुकातली नोंद त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात केली आहे.

आपला कृतज्ञ,
त्या रात्रीच्या पाळीतला एक तंत्रज्ञ