ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाची सदोष दुरुस्ती आणि न बदललेल्या पार्टचे घेतलेले पैसे परत मिळणेबाबत

दिनांक : 24 जून 2024

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
डिझेल पंप व नोझल दुरुस्ती विभाग

संदर्भ : आपले 29 मे 2024 चे बिल, रक्कम रु. 16,400

महोदय,

मी बार्शी तालुक्यातला शेतकरी. घरची 14 एकर आणि गावातली भाड्याची कामं एकाच तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर करतो. ट्रॅक्टर मीच चालवतो, त्यामुळे त्याचा आवाज जरा बदलला तरी मला कळतं. उन्हाळ्यात सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देऊ लागला, चढाला ओढ कमी पडू लागली, म्हणून 20 मे रोजी नोझलला दाबाने डिझेल पुरवणारा पंप उतरवून तुमच्याकडे आणला. खरीप तोंडावर होता. जवळचा पंप दुरुस्तीचा लॅबवाला सोडून तुमच्याकडे आलो, कारण तुमच्याकडे अल्ट्रासॉनिक सफाईचं मशीन आहे आणि पंपातून किती डिझेल पडतं ते मोजायचा टेस्ट बेंच आहे असं ऐकलं होतं.

काउंटरवर माझ्यासमोर पंप खोलला. तीनपैकी एका प्लंजरच्या, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दांड्याच्या टोकाला, तिरक्या खाचेच्या शेजारी, मसुराएवढा तांबूस डाग होता. गेल्या पावसाळ्यात डिझेलात पाणी आलं होतं, त्याचा तो गंज. तुमच्या माणसानेच दाखवला आणि "तिन्ही एलिमेंट नवेच टाकावे लागतील" असं सांगितलं. एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल, यांची जोडी. मी हो म्हणालो आणि त्या प्लंजरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

29 तारखेला पंप हातात मिळाला तेव्हा बाहेरून नवा दिसत होता. चंदेरी रंग मारलेला, सील लावलेलं. बिलावर 3 एलिमेंट, 3 डिलिव्हरी व्हॉल्व्ह (नोझलकडे जाणाऱ्या डिझेलच्या झडपा), सफाई आणि कॅलिब्रेशन (बेंचवर डिझेलचं माप जुळवणं). जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले" म्हणून सांगितलं. बेंचच्या रीडिंगचा कागद मागितला तर "प्रिंटर बंद आहे". तेव्हाच मी हटून बसायला हवं होतं.

पंप बसवला, एअर काढली, दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाकले. पहिले काही दिवस बरं चाललं. 12 जूनला, दुरुस्तीनंतर ट्रॅक्टरच्या तासांच्या मीटरवर अवघे 46 तास भरले असताना, रोटाव्हेटर चालू असतानाच इंजिन मिस करू लागलं. पांढुरका, डोळ्याला झोंबणारा धूर. पंपातून नोझलकडे जाणाऱ्या एकेका लाइनीचं (नळीचं) नट ढिलं करून पाहिलं. एक आणि तीन नंबरचं ढिलं केलं की इंजिन लगेच दबायचं, दोन नंबरचं ढिलं केलं तर आवाजात काडीचा फरक नाही. मग ऑइलची कांडी काढली. ऑइल खुणेच्या वर दोन बोटं चढलेलं आणि त्याला डिझेलचा वास. आमच्या पंपाला ऑइल इंजिनातूनच मिळतं, म्हणजे एलिमेंटमधून गळलेलं डिझेल सरळ इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. वेळीच लक्षात आलं नसतं तर बेअरिंगं गेली असती.

त्याच दुपारी तुम्हाला फोन केला. उत्तर मिळालं, "डिझेल खराब असणार, पंप पाठवा, आठ दिवसांनी बघू." जमिनीला वाफसा आला होता. उडीद आणि सोयाबीनची पेरणी आठ दिवस थांबत नाही, हे बार्शीकडच्या कोणालाही विचारा. म्हणून 14 तारखेला मी पंप दुसऱ्या लॅबमध्ये नेला. सील मीच तोडायला लावलं, ते लपवत नाही. पण तोडण्याआधी सीलचा आणि नंतर पूर्ण खोलण्याचा व्हिडिओ काढला आहे.

खोलण्याआधी त्यांनी पंप बेंचवर लावला. हजार स्ट्रोकला एक आणि तीन नंबरच्या लाइनीतून 54 ते 55 सीसी डिझेल पडलं, दोन नंबरमधून 41. मग डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढले. दोन नंबरच्या व्हॉल्व्हच्या सीटवर कापडाचा धागा दबून बसलेला निघाला, नखाएवढा लांब. हा व्हॉल्व्ह नीट बसला नाही की लाइनीतला दाब टिकत नाही, आणि पुढच्या स्ट्रोकचं डिझेल नोझलपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. तो धागा टाकीतून आला म्हणावं तर मध्ये दोन फिल्टर आहेत. तो चिंधीचाच आहे. पंपाचे आतले पार्ट धुतल्यावर कापडाने पुसायचे नसतात, हे मला त्या लॅबमधल्या पोराने सांगितलं, तुमच्या कारागिरांना ते ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

पुढचं जास्त गंभीर आहे. एलिमेंट बाहेर आले आणि तोच मसुराएवढा डाग समोर. त्यावर पॉलिश पेपर घासल्याच्या आडव्या रेघा. फोटो शेजारी धरून पाहिला, तोच प्लंजर. बाकीचे दोनही जुनेच होते. प्लंजर आणि बॅरल कारखान्यात एकमेकांना घासून जुळवलेली जोडी असते, दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा-पंचविसावा भाग. तिथे पॉलिश पेपर लावायचाच नसतो. त्या लॅबवाल्याने प्रत्येक जोडी स्वच्छ कॅलिब्रेशन ऑइलमध्ये बुडवली, बॅरल तिरकं धरलं आणि प्लंजर थोडा ओढून सोडला. चांगल्या जोडीत तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरतो. तीन नंबरचा अर्ध्यातच अडकला. दोन नंबरचा दगड विहिरीत पडावा तसा खाली गेला. दोघांची अदलाबदल करून पाहिली तर दोन्ही बऱ्यापैकी उतरू लागले. सगळे प्लंजर एकाच टबात धुतले आणि हाताला येईल तो हाताला येईल त्या बॅरलमध्ये घातला, याशिवाय याचा दुसरा अर्थ मला लागत नाही.

म्हणजे नव्या एलिमेंटचे पैसे घेऊन माझेच जुने एलिमेंट मला परत लावले, आणि तेही जोड्या मोडून. जुने धुऊन लावले असं स्पष्ट सांगितलं असतं आणि पैसे तेवढेच घेतले असते, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. चूक कोणाच्याही हातून होते. पण घासलेला जुना पार्ट नवा म्हणून बिलावर लिहिणं ही चूक नव्हे, फसवणूक आहे. डिझेल खराब होतं असं अजूनही म्हणायचं असेल, तर 12 जूनला टाकीतून काढलेलं बाटलीभर डिझेल आणि फिल्टर मी जपून ठेवले आहेत, हवे तिथे तपासा.

माझी मागणी अशी. बिलाची पूर्ण रक्कम रु. 16,400, डिझेल मिसळल्यामुळे बदलावं लागलेलं इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर रु. 2,600, आणि 7 एकरांची पेरणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने करून घ्यावी लागली त्याचं भाडं रु. 7,000, असे एकूण रु. 26,000 मला परत मिळावेत. दुसऱ्या लॅबला दिलेले रु. 9,750 मी मागत नाही. तिथे मला खरोखर नवे एलिमेंट मिळाले आणि जुने पिशवीत घालून परतही मिळाले.

पैशांइतकीच आणखी एक गोष्ट मागतो. माझ्यासारखे कितीतरी ट्रॅक्टरवाले तुमच्या बोर्डावर विश्वास ठेवून पंप टाकून जातात. त्यांच्या प्रत्येक एलिमेंटची जोडी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, बदललेला जुना पार्ट ग्राहकाने न मागता परत द्या, आणि बेंचच्या रीडिंगचा कागद बिलाला टाचून द्या. याबाबत काय केलं ते मला लेखी कळवावं.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ट्रॅक्टर भाड्याने चालतो म्हणून मी ग्राहक नाही असं कोणी सांगू नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू कायदा व्यापारी कामासाठीची धरत नाही, आणि बिलावर तुम्ही मला नवे पार्टच विकले आहेत.

सोबत दोन्ही लॅबची बिलं, दुसऱ्या लॅबच्या बेंच रीडिंगची प्रत, 20 मे आणि 14 जूनचे प्लंजरचे फोटो, ऑइलची पावती आणि व्हिडिओचा पेनड्राइव्ह जोडला आहे. तिन्ही जुने एलिमेंट आणि तो धागा माझ्याकडे आहेत. पाहायला माणूस पाठवा, दाखवीन, पण ताब्यात देणार नाही.

कळावे,
आपला ग्राहक,
एक ट्रॅक्टरमालक शेतकरी
ता. बार्शी, जि. सोलापूर