बुडालेल्या जहाजांमागे निघालेल्या लेकीस

माझगाव, मुंबई

प्रिय ऋचा,

डेक्कन कॉलेजचं संपलं की समुद्राखालच्या पुरातत्त्वात जाणार म्हणालीस. तुझ्या मामाचा पहिला प्रश्न, "सोनं सापडतं का?" म्हटलं, सापडलं तरी सरकारजमा. गप्प झाला.

माझा प्रश्न वेगळा आहे. तुला वेड कशाचं, डुबकीचं की कामाचं? जॉर्ज बास 1960 मध्ये तुर्कस्तानात केप गेलिडोन्याचं कांस्ययुगीन जहाज खणायला गेला, तो आधी पुरातत्त्वज्ञ होता. सिलिंडर पाठीला लावायला शिकला तो या कामासाठी. तोवर पाणबुडे वस्तू वर आणायचे आणि विद्वान होडीत बसून राहायचे. पुढे तिथल्याच उलुबुरुनच्या बुडालेल्या जहाजावर 1984 ते 1994 असे उन्हाळे गेले. इतक्या खोल की एका डुबकीत तळाशी जेमतेम 20 मिनिटं. त्यात मापं घ्यायची, रेखाटन करायचं. ड्रॉइंग म्हटलं की तू टाळाटाळ करतेस, म्हणून सांगतो.

लोखंडाचं मात्र मला विचार. गोदीत फिटर म्हणून जन्म गेला. समुद्रात वर्षानुवर्षं राहिलेला बोल्ट वर काढला की दिसायला धडधाकट असतो. बाकावर ठेवून वाळू दिला की पापुद्रे सुटतात, भेगा पडतात, बोटाने दाबलं तर कड गळून येते. आत मुरलेला खार हवा लागली की काम सुरू करतो. तुमच्या तोफगोळ्यांचं तेच. वर काढल्यापासून ओलं ठेवायचं, पाणी बदलत बदलत खार काढायचा, महिनोन्महिने. लाकडाचं तर त्याहून अवघड. स्वीडनचं 'वासा' 1628 मध्ये बुडालं, 1961 मध्ये वर आलं आणि त्यावर 17 वर्षं रसायनाचे फवारे मारत बसले. म्हणून खर्चाची सोय नसेल तर जहाज आहे तिथेच राहू द्यावं, हे माझं मत. पाण्याखालच्या वारशाबद्दलच्या युनेस्कोच्या 2001 च्या करारातही जागेवरच जतन करण्याचा विचार आधी करा असंच आहे.

आणखी एक. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' 17 जुलै 1947 ला बुडाली, सहाशेवर माणसं गेली. रेवसकडच्या घरांत अजून नावं निघतात. कुठल्याही बोटीवर उतरलीस तरी तिच्यावर माणसं होती, हे ध्यानात ठेव. मामासारखं बोलू नकोस.

नोकऱ्या मोजक्याच, तेही ठाऊक आहे. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, पुरातत्त्व खात्याची पाण्याखालची शाखा, बाकी धडपड. चालेल.

पावसाळ्यात तारकर्लीचं स्कूबा बंद असतं, तोवर शिवाजी पार्कच्या तलावावर दम वाढव. कानाच्या डॉक्टरांना दाखवून घे. सर्दी असताना पाण्यात उतरायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. फीचे पैसे खात्यावर टाकतो. आईला मी सांगेन, तू आत्ताच काही बोलू नकोस.

तुझा,
बाबा