सर्व्हर चालू, पण लायसन्स मिळेना

मा. संपादक,

31 जुलै जवळ आली की इन्कम टॅक्सचं पोर्टल स्लो चाललंय, लोक ताटकळलेत अशी बातमी आपल्या पेपरात हमखास येते आणि ती खरीच असते, पण त्याच आठवड्यात काही सीए ऑफिसांत पोर्टल उघडायच्या आधीच काम अडकलेलं असतं, त्यावर कोण लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी सांगली-मिरज भागात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर बघतो.

आता बऱ्याच ठिकाणी टॅली एकाच विंडोज सर्व्हरवर असतं आणि सगळे आपापल्या टेबलावरून, काहीजण घरून, रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या पीसीवर त्या सर्व्हरचीच स्क्रीन उघडून, आत जातात. त्यासाठी माणसागणिक नाहीतर पीसीगणिक एक वेगळं लायसन्स लागतं, त्याला कॅल म्हणतात, आणि ते वाटायचं काम लायसन्स सर्व्हर करतो. विंडोजचं लायसन्स वेगळं, टॅलीचं वेगळं, हे तिसरं. आणि नेमकं हे तिसरंच घ्यायचं राहून जातं, कारण मायक्रोसॉफ्ट सुरवातीला 120 दिवस सवलत देतं आणि तेवढे दिवस सगळं मस्त चालतं. आता हिशोब करा, नवीन आर्थिक वर्ष म्हणून 1 एप्रिलला सर्व्हर चालू केला तर 120 दिवस 30 जुलैला भरतात! म्हणजे रिटर्नच्या ऐन गर्दीत स्क्रीनवर मेसेज, लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही, आणि ज्याने सर्व्हर बसवला त्याचं बिल कधीच दिलेलं असतं.

हे झालं कॅल न घेणाऱ्यांचं. पण ज्यांनी रीतसर पैसे भरलेत त्यांच्याकडे लायसन्स सर्व्हर बंद पडला तर काय होतं ते जास्त फसवं आहे, कारण त्या दिवशी काहीच होत नाही. पीसीगणिक कॅल असेल तर लायसन्स त्या पीसीतच साठवलेलं असतं, 52 ते 89 दिवसांच्या मधली कुठलीतरी मुदत त्याला मिळते आणि शेवटच्या आठवड्यात तो पीसी नूतनीकरण मागतो. रेशन दुकान बंद झालेलं घरात धान्य असेपर्यंत कळत नाही तसंच हे. आज एक क्लार्क बाहेर, चार दिवसांनी दुसरी, बाकीच्यांचं चालूच, मग सगळे म्हणतात तुझाच पीसी बिघडलाय, फॉरमॅट मार. फॉरमॅट मारला की साठवलेली ओळख गेली, लायसन्स सर्व्हरच्या लेखी तो नवाच पीसी, जुनं कॅल मुदत संपेपर्यंत तिकडेच अडकून. ते परत काढून घेता येतं पण त्यालाही मर्यादा, एका वेळी एकूण कॅलच्या 20 टक्क्यांपर्यंतच.

दुसरी खोड म्हणजे रिस्टार्ट. लायसन्स आत शिरताना तपासलं जातं, जे आधीच आत आहेत त्यांचं सेशन सहसा चालू राहतं, त्यामुळे मेसेज दिसला की पहिलं काम हे की आतल्यांनी लॉगऑफ करायचं नाही, आणि सर्व्हर कोणी बंद-चालू करायचा नाही, नाहीतर सगळेच दाराबाहेर. मोठ्यांनाही हा धडा मिळालाय, 12 ऑगस्ट 2008 ला व्हीएमवेअरच्या ईएसएक्स 3.5 अपडेट 2 मध्ये (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरमधली, मशीन चालवणारा हा प्रोग्राम) लायसन्सच्या तारखेचा घोळ निघाला तेव्हा चालू असलेली व्हर्च्युअल मशीन चालत राहिली, बंद केलेली मात्र परत उठेनात. तेव्हा आधी लायसन्सची सर्व्हिस तेवढी रिस्टार्ट करून बघा, सर्व्हरमध्येच लायसन्सिंग डायग्नोझर नावाचं टूल आहे ते नक्की काय अडलंय ते सांगतं. अ‍ॅडमिनला आत जायला रिमोट डेस्कटॉप सुरू करायची कमांड, एमएसटीएससी स्लॅश अ‍ॅडमिन हा रस्ता आहे, त्याला कॅल लागत नाही, पण तो दुरुस्तीसाठी आहे, दोन क्लार्क बसवायला नाही.

दर तासाला बाहेर फेकला जात असाल तर मात्र नेट किंवा केबल तपासत बसू नका. डोमेन (सगळे युजर आणि पीसी एकाच ठिकाणाहून सांभाळायची व्यवस्था) नसलेल्या साध्या वर्कग्रुपवर विंडोज सर्व्हर 2019 किंवा पुढचा आणि माणसागणिक कॅल लावलं की 60 मिनिटांत सेशन तुटतं. तिथे पीसीगणिकच कॅल हवं. छोट्या ऑफिसात डोमेन असतंच कुठे, तरी विकणारा हे विचारत नाही. तसंच सर्व्हर 2016 वरून 2022 वर नेला आणि कॅल व लायसन्स सर्व्हर जुनेच ठेवले तरी गाडी अडणार, जुनी कॅल नव्या सर्व्हरला चालत नाहीत.

मग कोणीतरी रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, एक की (नोंद) उडवून परत 120 दिवस मिळवून देतो आणि त्याचे पैसेही घेतो. ऑडिट करणाऱ्या ऑफिसात हा जुगाड चालावा याची मला खरंच गंमत वाटते. तो नियमात बसत नाही, आणि पुढचे 120 दिवस मोजले तर नोव्हेंबर येतो.

दुसरा लायसन्स सर्व्हर ठेवता येतो, ग्रुप पॉलिसी नावाच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये दोन्हींची नावं लिहायची, त्याच्यावर कॅल नसली तरी नव्या पीसीला तो एकदा 90 दिवसांचं तात्पुरतं लायसन्स देतो, तेवढ्यात पहिला दुरुस्त होतो. फक्त ही मशीन इंटरनेटवर उघडी टाकू नका, जुलै 2024 मध्ये याच लायसन्सच्या सर्व्हिसमधल्या सुरक्षेच्या एका भोकासाठी पॅच (दुरुस्ती) आला होता आणि त्याची गंभीरता 10 पैकी 9.8 होती.

आणि पतसंस्थांच्या संचालकांना, सीए मंडळींना एक विनंती. कॅल घेतल्याचा कागद, अ‍ॅग्रीमेंट नंबर, कॅल किती आणि कुठल्या प्रकारची, हे आपल्या कपाटात ठेवा, व्हेंडरच्या मेलमध्ये नको. लायसन्स सर्व्हर पूर्ण उडाला तर कॅल पुन्हा चढवताना मायक्रोसॉफ्ट हेच विचारतं. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) नव्याने करताना हा कागद हातात आल्याशिवाय चेकवर सही करू नका.

— एक सपोर्टवाला, मिरज