काका, ‘मुद्दे निघालेत का?’ असं विचारल्याबद्दल

आदरणीय काका,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अगं, मी काय केलं, कायदा होताच की’ म्हणता आणि कुंड्यांना पाणी घालायला लागता. म्हणून हे उघड पत्र. आपल्या वर्तकनगरात आणखी कुणाच्या तारखा दूरगावी पडत असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

२०२३च्या पावसाळ्यात चिपळूणहून समन्स आलं. दादाने वाटपाचा दावा लावला होता. गावची जमीन आणि बाबांनी मृत्युपत्राने माझ्या नावावर केलेलं इथलं घर, दोन्ही एकाच दाव्यात. दादा राहतो डोंबिवलीत, मी ठाण्यात, आणि भांडायला जाणार परशुराम घाट उतरून! आमच्या तेव्हाच्या वकिलांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल केली आणि सांगितलं, जमीन तिकडची आहे, दावा तिकडेच चालणार. मी मान डोलावली. खोपटहून रात्रीची एसटी, पहाटे चिपळूण, अकरानंतर कधीतरी पुकारा आणि दोन मिनिटांत पुढची तारीख. अशा तीन खेपा झाल्या.

चौथीच्या आधी तुम्ही जिन्यात भेटलात. उभा जन्म कोर्टात कारकुनी केलेला माणूस. तुम्ही दादाला नावं ठेवली नाहीत, की ‘अरेरे’ केलं नाहीत. एवढंच विचारलंत, ‘मुद्दे निघालेत का?’

मला मुद्दे म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. पायरीवर बसून तुम्ही सांगितलंत. कैफियत आली की वाद नेमका कशाकशावर आहे ते न्यायाधीश ठरवतात, ते मुद्दे. मालमत्ता दोन कोर्टांच्या हद्दीत असेल तर वादी कुठल्याही एका कोर्टात जाऊ शकतो, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७. म्हणजे दादाचं काही चुकलं नव्हतं. पण कलम २२ प्रतिवादीलाही एक दार ठेवतं. दावा दुसऱ्या कोर्टातही चालण्यासारखा असेल तर तो तिकडे वर्ग करून मागता येतो. मात्र होईल तितक्या लवकर, फार तर मुद्दे निघेपर्यंत. ‘नंतर कलम २४ आहेच, पण मग उशीर का केला ते सांगत बसावं लागतं,’ तुम्ही म्हणालात. आमची पुढची तारीख मुद्द्यांसाठीच होती. हातात एकोणीस दिवस होते.

रत्नागिरी आणि ठाणे हे दोन वेगळे जिल्हे, त्यामुळे अर्ज ना चिपळूणला ना ठाण्याला, थेट उच्च न्यायालयात. त्यासाठी वकीलबाई तुम्हीच गाठून दिल्यात. त्यांना द्यायला म्हणून मी रात्री जागून चार पानं लिहिली. माझी नोकरी, पाठदुखी, एसटीचे धक्के, भावाने कसा दगा दिला. तुम्ही पेन्सिल घेऊन जवळजवळ सगळं खोडलंत. खरं सांगते, तेव्हा राग आला होता. ‘तुझी गैरसोय तुझ्यापाशी. दावा कुठे लावायचा हे निवडायचा हक्क वादीचा, तो कोर्ट उगाच काढून घेत नाही. साक्षीदार कोण, राहतात कुठे, वय काय आणि कशाची साक्ष देणार, एवढं लिही.’

मग आपण यादी केली. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातले एक २०२१मध्ये कोरोनात गेले. उरले मास्तर. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. सही करणारा साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला तरी कोर्टात तपासल्याशिवाय मृत्युपत्र शाबीत होत नाही, म्हणजे घराचा सगळा भार त्या गुडघ्यांवर. बाबा शेवटपर्यंत शुद्धीत होते हे सांगणारे डॉक्टर ठाण्याचे. सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्याचे. आणि चिपळूणचं कोण? कुणीच नाही! सातबाऱ्याची सहीशिक्क्याची नक्कल पुरते, तिला उलटतपास लागत नाही, हे तुमचंच वाक्य.

मास्तरांचा मुलगा म्हणत होता, इतक्या लांबच्या माणसाला कोर्ट बोलावूच शकत नाही. तेही तुम्ही दुरुस्त केलंत. मर्यादा शंभर किलोमीटरची खरी, पण सहापैकी पाच हिस्से वाटेवर रेल्वे किंवा नेहमीची वाहतूक असेल तर ती पाचशेवर जाते. कोकण रेल्वेने मास्तरांना असं कायद्याच्या टप्प्यात आणून ठेवलं होतं! कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी येऊन साक्ष नोंदवू शकतो, हा मार्गही तुम्ही लपवला नाहीत. पण एकुलता एक साक्षीदार न्यायाधीशांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला बरा, असं तुमचं मत पडलं, आणि ते मला पटलं.

उच्च न्यायालयात दादाच्या वकिलांनी वादीच्या हक्कावर भर दिला. आमच्या बाईंनी ती यादी पुढे केली, आणि वादीचा स्वतःचा पत्ता डोंबिवलीचा, म्हणजे ठाणे जिल्ह्यातलाच, हे दाखवलं. दावा ठाण्याला वर्ग झाला. कागद इकडे यायलाही महिने गेले, ते असो.

मास्तरांची साक्ष झाली त्या दिवशी ते रिक्षाने कोर्ट नाक्याला आले. साहेबांनी त्यांना खुर्ची देववली. उलटतपास चाळीस मिनिटं चालला. बाबांनी सही कुठल्या खोलीत केली, पंखा चालू होता का, पेन कुणाचं होतं. पेन माझंच होतं, मास्तर ठणकावून म्हणाले, आणि अजून परत मिळालेलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मामलेदारची मिसळ मागितली. डॉक्टरही तिथेच होते, त्यांनी तोंड फिरवलं.

दावा अजून चालू आहे, निकाल काय लागेल ते लागो. परवाच्या तारखेला दादा कॉरिडॉरमध्ये बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. खूप दिवसांनी बोलला. म्हणाला, बरं झालं इकडे आलं, चिपळूणच्या खेपा मलाही झेपत नव्हत्या.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची