योना रुसला ते काही चुकीचं नाही

बाळा, शालोम,

काल फोनवर तू तावातावाने बोलत होतास आणि मला कामाला निघायचं होतं, म्हणून आता निवांत लिहिते. रूममेटने तुझे पैसे उडवले, आणि किप्पूर (आपला प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, आजीचा दारफाळणीचा सण) जवळ आला तसा सॉरी सॉरी करत मागे लागलाय, आणि असल्या माणसाला देव लगेच माफ कसा करतो असं तुझं म्हणणं. अरे हाच तर योनाचा प्रश्न, तोच संदेष्टा, ज्याला देवाने निनवे शहराला बजावायला पाठवलं आणि तो तार्शीशला पळाला, वाटेत माशाने गिळलं! त्या दिवशी दुपारी मिन्हाच्या प्रार्थनेला त्याचं पुस्तक वाचतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष माशाकडे, पण मासा सोड, चौथा अध्याय वाच. योना घाबरून पळाला नव्हता, तो देवाला तोंडावर सांगतो, तू दयाळू आहेस, तुला लवकर राग येत नाही, हे मला माहीत होतं म्हणूनच तार्शीशला निघालो. आणि मला त्याचं पटतं, कारण निनवे म्हणजे अश्शूरांचं शहर, त्याच अश्शूरांचं ज्यांनी पुढे इ.स.पू. 722 च्या सुमारास शोमरोन (इस्राएलच्या राज्याची राजधानी) घेतलं आणि आपल्या लोकांना देशोधडीला लावलं. असल्यांना 40 दिवसांची मुदत द्यायची आणि गोणताट (पश्चात्तापाचं जाडंभरडं कापड) नेसले की सोडून द्यायचं?

पण निनवेच्या राजाचा हुकूम नीट बघ. उपास, गोणताट, तेही जनावरांसकट (गोणताट नेसलेली गाय डोळ्यासमोर आली की मला दरवर्षी हसू येतं), आणि वर, हातातला जुलूम सोडा. मिश्ना (आपल्या रब्बींचा जुना नियमसंग्रह) म्हणते, देवाने त्यांचा उपास पाहिला असं लिहिलेलं नाही, कृत्यं पाहिली असं लिहिलंय. तालमूदमध्ये (मिश्नावरची रब्बींची चर्चा) शमुएल नावाचा पंडित तर म्हणतो, चोरलेली तुळई वाड्यात बसवली असली तरी निनवेचे लोक अख्खा वाडा पाडून ती मालकाला परत करायचे. दुसरा, यरुशलेमचा तालमूद मात्र खवचट, तिथे रब्बी म्हणतात हातात होतं तेवढं दिलं, पेटी-कपाटातलं ठेवून घेतलं, आणि वासरं आत, गायी बाहेर ठेवून हंबरायला लावलं, तू आमच्यावर दया करणार नाहीस तर आम्ही पण ह्यांच्यावर करत नाही म्हणून. चक्क ब्लॅकमेल! तरी देवाने सोडलं. 1,20,000 हून जास्त माणसं, उजवं-डावं न कळणारी, शिवाय एवढी गुरंढोरं, मला कीव येऊ नये का, असं विचारतो आणि पुस्तक तिथेच संपतं, योनाचं उत्तर नाहीच.

म्हणून देवाने त्याला माफ केलं तर करू दे, तो देवाचा प्रश्न. तुझा हिशोब वेगळा, माणसामाणसातला अपराध किप्पूरने मिटत नाही, ज्याचं नुकसान केलं त्याची समजूत काढावीच लागते, हे पण मिश्नाच सांगते. तू रुसलास तर रूस, योनाला रुसल्याबद्दल शिक्षा झाली नाही, उलट डोक्यावर सावलीला वेल मिळाला (दुसऱ्या दिवशी किडीने खाल्ला ते सोड). पैशांचं मात्र सणाच्या आधी स्पष्ट विचार, एकदम जमत नसेल तर हप्त्याने दे म्हणावं, पण पहिला हप्ता आत्ता.

आई

आणि उपासाच्या आदल्या दिवशी पाणी भरपूर पी, तिकडे ऊन असतं.