हिरड्यांचे दुखणे लपवणारी वाफ

‘महाविद्यालयांच्या परिसरात ई-सिगारेटची छुपी विक्री’ हे वृत्त वाचले. २०१९च्या कायद्याने देशात ई-सिगारेटची निर्मिती, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कारवाई व्हायलाच हवी. पण बातमीत धोका फक्त फुप्फुसांचा सांगितला आहे. तोंडाचे काय?

नौपाड्यातील माझ्या दवाखान्यात येणारी तरुण मुले ‘यात धूर नाही, नुसती वाफ आहे’ असे अगदी खात्रीने सांगतात. त्या वाफेत बहुधा निकोटिन असते आणि त्याने हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे हिरड्यांचा आजार असूनही ब्रश करताना रक्त फारसे दिसत नाही. रक्त नाही म्हणजे दात ठणठणीत, अशी समजूत होते (पालकांचीही), आणि आत दाताला धरून ठेवणारे हाड झिजत राहते. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. शिवाय वाफेतील प्रॉपिलिन ग्लायकॉल या रसायनाने तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की किडीला मोकळे रान मिळते.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांनी आरोग्य तपासणीत हिरड्यांची तपासणी घ्यावी आणि ई-सिगारेटबद्दल थेट विचारावे. उत्तर गोपनीय राहील, शिक्षा होणार नाही, हे आधी सांगावे. नाहीतर मुले खरे बोलणार नाहीत.

— एक दंतवैद्य, नौपाडा, ठाणे